तुलूज आणि आल्बीच्या मधल्या गावात घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या दक्षिण फ्रान्समध्ये तुलूजला राहतो. नवऱ्याचं ऑफिस शहरालगतच्या कोलोमिएला, विमानांच्या कामात. मला सप्टेंबरपासून आल्बीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधनाचं काम मिळालंय. ७५ किलोमीटरचा सगळा भार एकाच्याच अंगावर नको, म्हणून सँ-सुल्पीस ते गायाक या पट्ट्यात भाड्याचं घर शोधतोय. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. एक जुनं विटांचं घर फार आवडलंय. टेकडीवर आहे, तिन्ही बाजूंना द्राक्षमळे, अंगणात अंजीर. मात्र स्टेशन तिथून बरंच लांब, आणि मी अजून गाडी चालवत नाही. त्या बाजूला आपलं कुणी राहतं का? गावात एकटं पडायला होईल का, हीच खरी धास्ती आहे.

---

नमस्कार,

आम्ही बरीच वर्षं राबास्तँसला आहोत. जरूर या, पण ते टेकडीवरचं घर घेऊ नका. या भागात आधी स्टेशन निवडायचं, मग घर.

सँ-सुल्पीस, राबास्तँस-कुफुलू, लिल-सुर-तार्न, गायाक ही सगळी तुलूज–आल्बी लोकलच्या मार्गावरची स्टेशनं. सँ-सुल्पीसहून तुलूज साधारण अर्ध्या तासावर, आणि तुलूजहून थेट आल्बी सुमारे तासाभराचं. म्हणजे सकाळी एकाच फलाटावरून तुम्ही एका दिशेला आणि यजमान दुसऱ्या. त्यांनी तुलूजच्या माताब्यो स्टेशनवर उतरून ओशकडे जाणारी गाडी धरली की कोलोमिए येतं. गाडीनं जायचं म्हटलं तर ए-६८ महामार्ग तुम्हाला शहराच्या ईशान्येला आणून सोडतो आणि विमानांचे कारखाने पश्चिमेला; मधला रिंगरोड सकाळी कसा तुंबतो ते त्यांना ठाऊक असेलच. टेकडीवर राहिलात तर दोन गाड्या लागतील, आणि तुम्ही अजून चालवतच नाही. भारतीय लायसन्स असलं तरी इथले रहिवासी झाल्यापासून ते एकच वर्ष चालतं, तेव्हा शिकायला आजच नाव घाला. घर बघताना हेही लक्षात असू द्या की राबास्तँसचं स्टेशन राबास्तँसमध्ये नाही, तार्न नदीच्या पलीकडे कुफुलूत आहे. पूल ओलांडून चालत जाता येतं. परतीची शेवटची गाडी मात्र आधी बघून ठेवा, मोठ्या शहरासारखी रात्री उशिरापर्यंत सेवा नसते.

दुसरं, डॉक्टर. करारावर सही करण्याआधी गावातल्या दवाखान्यांना फोन करून नवे पेशंट घेतात का विचारा. खेड्यांत डॉक्टर कमी झालेत, बरेच जण नकार देतात. नेहमीचा डॉक्टर नोंदवलेला नसेल तर सोळा वर्षांवरच्यांचा सरकारी विम्याचा परतावा ७० टक्क्यांवरून ३० वर येतो. डॉक्टरचं हे आधी करा, पडदे नंतर लावा.

तुमच्या धास्तीबद्दल मनापासून सांगते. गावात माणूस एकटं पडतं ते मराठी माणसं नसल्यानं नव्हे, गावाशी बोलणं न झाल्यानं. आल्या आल्या मेरीत (म्हणजे नगरपालिकेत) जाऊन ओळख करून द्या, मुलीच्या शाळेचं नावही तिथंच घालायचं. फ्रान्समध्ये तीन वर्षांपासून शाळा सक्तीची आहे, त्यामुळे महिन्याभरात शाळेच्या दारातल्या सगळ्या आया ओळखीच्या होतात. शनिवारी राबास्तँसचा बाजार भरतो. तिथं लोत्रेकचा गुलाबी लसूण मिळतो. त्याची चटणी करून शेजारी द्या, पुढच्या आठवड्यात झुकिनी आणि अंडी दारात येतील. बेसनासाठी तुलूज गाठायला नको, सेंद्रिय दुकानांत हरभऱ्याचं पीठ मिळतं.

आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्याच भेटीत पास्तेलची गोष्ट काढली. सोळाव्या शतकात हा सगळा मुलूख पास्तेल या वनस्पतीच्या निळ्या रंगावर श्रीमंत झाला होता, तुलूजमधला आसेझा वाडा त्याच पैशातला. पुढे फ्रान्समध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धं झाली आणि भारतातून समुद्रमार्गे नीळ येऊ लागली, तसा तो व्यापार बसला. ते हे सगळं इतक्या आपुलकीनं सांगत होते की मीही घरी येऊन वाचत बसले. असं बोलायला इथल्या माणसांना वेळ असतो, आणि मला या भागाची हीच गोष्ट सर्वांत प्रिय आहे.

राबास्तँसची ताई

---

ताईंशी बहुतांशी सहमत, पण दोन गोष्टी जोडतो.

पुढेमागे घर विकत घ्यायचं मनात असेल तर आत्ता भाड्यानं एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढा. जुन्या विटांच्या घरात जानेवारीत लाकडाची शेगडी किती खाते आणि जुलैत दिवसभर खिडक्यांची दारं लावून बसावं लागतं, हे राहिल्याशिवाय कळत नाही. ओतां वारा सुटला की दोन-तीन दिवस डोकं उठवतो. शिवाय इथली माती चिकण आहे. उन्हात आकसते, पावसात फुगते आणि भिंतींना तडे जातात. जिओरिस्क या सरकारी साइटवर पत्ता टाकून धोका किती ते बघता येतं. गावाबाहेरच्या घरांना बहुधा स्वतःची सांडपाण्याची टाकी असते. विक्रीच्या वेळी तिच्या तपासणीचा अहवाल तीन वर्षांच्या आतला लागतो, तो मागाच. टाकी नियमात बसत नसेल तर वर्षभरात दुरुस्ती नव्या मालकाला करावी लागते.

आणि ताई, मी राबास्तँसऐवजी गायाक सुचवेन. आल्बी जवळ पडतं, लिसे (उच्च माध्यमिक शाळा) गावातच आहे, मुलगी मोठी झाली तरी हलावं लागणार नाही.

---

दादा, गायाकहून कोलोमिए आणखी लांब, रोज दोन गाड्या करून फार होईल हो. मुलगी लिसेला जाईपर्यंत अकरा-बारा वर्षं आहेत, आणि राबास्तँसहून गायाक लोकलनं जवळच आहे. आधी आई-बाप दमू नयेत एवढं बघू.

ताई

---

दोघांचेही खूप आभार. टेकडीवरच्या घराला आज नाही कळवलं. कुफुलूत स्टेशनपासून चालत जाण्याजोगं एक घर दिसतंय, शनिवारी लोकलनंच बघायला येतोय. ताई, बाजार किती वाजेपर्यंत असतो? आणि येताना तुलूजहून कढीपत्ता आणू का?