एस्कॉर्ट लागायचाच नाही म्हणता, पण क्युराकोआचं काय?

कुणीतरी लिहिलंय की क्वीन मेरीला (दुसऱ्या महायुद्धात सैनिक नेणारं मोठं ब्रिटिश प्रवासी जहाज) एस्कॉर्टची, म्हणजे सोबत संरक्षणाला युद्धनौकांची, गरजच नव्हती, वेग हेच तिचं चिलखत. भर समुद्रात हे शंभर टक्के मान्य, जर्मन यू-बोट (पाणबुडी) पाण्यावर येऊन पळाली तरी १७-१८ नॉट्स (ताशी सागरी मैल) आणि ही बाई २८ ने सुटलेली, गाठणार कशी? पण ब्रिटनजवळ आलं की जर्मन विमानांची भीती, म्हणून तिथे एस्कॉर्ट यायचाच आणि त्यातूनच मोठा घोळ झाला. २ ऑक्टोबर १९४२, आयर्लंडच्या उत्तरेला, जहाजावर दहा हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक, पुढे एस्कॉर्ट म्हणून क्युराकोआ नावाची पहिल्या महायुद्धाच्या काळातली ब्रिटिश क्रूझर (युद्धनौका). ती जेमतेम २५ नॉट्स काढणारी, म्हणून मागे पडू नये यासाठी सरळ रेषेत चाललेली, आणि क्वीन मेरी मात्र ठरल्याप्रमाणे झिगझॅग करतेय. दोन्ही कप्तानांना वाटलं समोरचा बाजूला होईल (आपल्या घाटात रोज दिसतं हे). ८० हजार टनांच्या जहाजाने क्रूझर सरळ मधून कापली, तीनशेच्या वर नौसैनिक गेले.

आणि क्वीन मेरी थांबली नाही. थांबायचंच नाही अशी ऑर्डर होती, पुढचा भाग फुटलेला असतानाच वेग कमी करून स्कॉटलंडमधल्या क्लाइडला गेली, पाण्यातल्या लोकांना नंतर डिस्ट्रॉयर्सनी (एस्कॉर्टमधल्या लहान युद्धनौकांनी) उचललं. युद्ध संपेपर्यंत बातमी दाबून ठेवली होती, नंतर कोर्टात शेवटी दोन तृतीयांश दोष नौदलाचा ठरला आणि एक तृतीयांश क्वीन मेरीचा. मला तरी हा वाटा पटतो.