पॉपकॉर्न सीलिंग काढायचंय, तीन कोटेशन्स तीन टोकांना. सल्ला हवा

चाफा:
मंडळी, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आम्ही १९७४ सालचं घर घेतलंय. स्वयंपाकघर सोडून सगळीकडे छताला तो खरखरीत पॉपकॉर्नचा थर आहे. मुलगी आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागली आहे आणि हॉलमध्ये पंख्याखाली रोज थोडा भुगा सापडतो. तीन कंत्राटदारांचे आकडे आले: ३,२००, ५,९०० आणि ९,४०० डॉलर. पहिल्याने तर फोटो बघूनच आकडा पाठवला. सासूसासरे पुढच्या महिन्यात पुण्याहून येतायत, त्याआधी काम उरकायचं होतं. यातला खरा आकडा कोणता, कसं ओळखायचं?

गुळवेल:
घाई करू नका आणि तोवर छताला कुणाला हातही लावू देऊ नका. आधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी (जुन्या बांधकामात वापरलेलं खनिज, त्याचे तंतू श्वासात गेले तर घातक). फवारून केलेल्या अशा सजावटी थरांत ते वापरायला अमेरिकेत १९७८ साली बंदी आली, पण शिल्लक माल नंतरही वापरला गेला. तुमचं घर त्याहून जुनं. सर्टिफाइड इन्स्पेक्टर बोलवा आणि वेगवेगळ्या खोल्यांतले नमुने घ्यायला सांगा. सगळी छतं एकाच वेळी फवारलेली असतील असं नाही. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर हे साध्या रंगाऱ्याचं काम उरत नाही, सगळा हिशेबच बदलतो. म्हणून लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत तिन्ही आकडे कच्चेच धरा.

मग बघायचं, थरावर रंग मारलाय का. आमचा रिपोर्ट स्वच्छ आल्यावर कंत्राटदाराने कपाटाच्या आत वीतभर जागेवर पाणी फवारलं, पंधरा मिनिटं थांबला आणि रुंद पट्टी फिरवली. भिजलेल्या रव्यासारखा थर गोळा होऊन खाली आला. हॉलमध्ये तेच केलं तर पाणी नुसतं ओघळलं, कारण आधीच्या मालकाने तिथे ऑइलपेंट मारला होता. तिथे खरवडत बसण्यापेक्षा वरून नवीन ड्रायवॉल (जिप्समचे तयार फळे) ठोकणं आम्हाला स्वस्त पडलं. ही चाचणी न करता दिलेला आकडा मी तरी धरणार नाही.

आणि खरवडणं हे अर्धंच काम. खालचे सांधे, स्क्रूची डोकी, गळतीचे जुने डाग सगळं उघडं पडतं. ३,२०० मध्ये फक्त खरवडणं आहे की सांधे भरणं, घासणं, प्रायमर, दोन हात रंगही? मोठ्या खिडकीचा तिरपा उजेड पडतो त्या हॉलला अख्ख्या छतावर कंपाउंडचा (सांधे भरायच्या लुकणाचा) पातळ हात लागतोच, नाहीतर प्रत्येक सांधा दिसतो. पंखे-दिवे कोण उतरवणार, प्लास्टिक कोण लावणार, कचरा कोण नेणार, हेही लेखी घ्या. छत स्वतः खोलीवार मोजा, सगळं एका कागदावर उतरवा आणि तोच कागद तिघांना द्या.

चाफा:
जिन्यावरचं छत चौदा फूट आहे. ते फक्त ५,९०० वाल्याने मोजलं होतं.

रानजाई:
मग तो माणूस लक्ष देऊन बघतो. तरीही कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या (कंत्राटदारांना परवाने देणाऱ्या राज्याच्या सरकारी मंडळाच्या) साइटवर त्याचं लायसन्स आणि कामगारांचा विमा तपासा. कॅलिफोर्नियात घरकामाचा अ‍ॅडव्हान्स सहसा एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढाच घेता येतो. आमच्याकडे एकाने निम्मे आधी मागितले होते, त्याला तिथेच नाही म्हटलं.

चाफा:
रिपोर्ट आला. बेडरूम्स स्वच्छ, हॉल आणि जिन्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. पंखा बंद केलाय, मुलीची सतरंजी आतल्या खोलीत हलवलीय, सासूबाईंना तिकीट दोन महिने पुढे ढकलायला सांगितलंय. हॉल-जिन्यासाठी अ‍ॅबेटमेंटवाल्यांचे (अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षितपणे काढणाऱ्यांचे) आकडे वेगळे मागवतेय. काम झाल्यावर हवेची तपासणी त्यांच्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून होणार, हे कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय. गुळवेल, तुमच्या ड्रायवॉलवाल्याचं काम वर्षभराने कसं टिकलंय? सांध्यांना तडे गेले का?