मदत हवी आहे: कोड आणि मराठी कथा एकाच एडिटरमध्ये, प्लगइन कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी. दिवसभर निओविम या एडिटरमध्ये पायथन कोड लिहिते आणि रात्री त्यातच मराठी कथा. कोडसाठी एलएसपी (चुका आणि सूचना दाखवायला), ट्रीसिटर (कोड रंगवायला) आणि टेलिस्कोप (फाइल शोधायला) पुरतात, तिथे काही तक्रार नाही. अडतंय ते गद्यापाशी.

लिहिताना लक्ष लागावं म्हणून गोयो आणि लाइमलाइट ही प्लगइन टाकलीत. चालू परिच्छेद सोडून बाकी मजकूर फिका होतो, मन लागतं. पण खरी कटकट कीबोर्डची. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना एस्केप दाबून इन्सर्टमधून (टाइप करायच्या मोडमधून) बाहेर पडलं आणि कर्सर खाली न्यायला ‘जे’ दाबलं, की एडिटरला मिळतो ‘र’ आणि कर्सर जागचा हलत नाही. दर वेळी भाषा बदलत बसलं की मनातलं वाक्य निसटतं, आणि ते पुन्हा तसंच सापडत नाही.

इन्सर्टमधून बाहेर पडताच इंग्रजी आणि परत आत शिरताच मराठी, असं आपोआप करणारं प्लगइन लिनक्सवर आयबस या कीबोर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामसोबत कुणी वापरतंय का? की लँगमॅपच (मराठी अक्षरांना इंग्रजी कळांचा अर्थ देणारी सेटिंग) बरा?

शिवाय, हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामचा मराठी कोश विमच्या स्पेलला, म्हणजे एडिटरमधल्या शुद्धलेखन तपासणीला, कुणी जोडलाय का? ‘घरासमोरच्यांना’सारखी रूपं तो ओळखतो का, की सगळं पान लाल होतं?

तुमच्या सेटिंगच्या फाइलमधला तेवढा भाग दिलात तर फार उपकार होतील.