ब्रिज म्हणजे भरताड? मग काढून दाखवा!

गोदाकाठ७८: काल इथेच कुणीतरी लिहून गेलं, की सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावगीत म्हणा) आणि पॉप गाण्यांतला ब्रिज, म्हणजे मध्ये एकदाच येणारा वेगळ्या चालीचा तुकडा, हा निव्वळ भरताड, तिसरं कडवं सुचलं नाही की घालतात, आपला मुखडा-अंतरा बरा. झोपायला चाललो होतो, उठून लिहितोय.

'डॉक ऑफ द बे' घ्या. ओटिस रेडिंग धक्क्यावर बसून भरती-ओहोटी बघतोय. आपल्याला वाटतं, गडी निवांत आहे. मग ब्रिज येतो आणि कळतं, हा निवांत नाही, अडकलाय. दहा जणांचे दहा सल्ले, ह्याच्याच्याने एकही होत नाही. त्यानंतर धक्का तोच, चाल तीच, पण शेवटची ती शिट्टी ऐकून पोटात कालवतं. (१० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात गेला. गाणं बाहेर आलं १९६८ मध्ये.) ब्रिज काढा, उरतं सहलीचं गाणं.

आणि बीटल्सचं 'वी कॅन वर्क इट आउट', १९६५. मॅकार्टनी गोडीगुलाबीने समजूत घालतोय, मध्येच ब्रिजला लेनन मायनरमध्ये (उदास स्वरांत) घुसतो, आणि त्या तुकड्याच्या शेवटी केरव्याचा (चार-चारचा ठेका) एकदम दादरा (तीन-तीनचा) होतो. मागे हार्मोनियम. हो, पेटीच! ह्याला भरताड म्हणायचं?

काळी_चार: 'कुणीतरी' म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजता कशाला? 'एन्ट नो सनशाइन', १९७१. बिल विदर्सकडे मधल्या जागेला शब्दच नव्हते, 'आय नो' २६ वेळा म्हणाला. नंतर शब्द लिहिणार होता, वादक म्हणाले राहू दे असंच. दोन मिनिटांत काम फत्ते. कुठाय ब्रिज? ज्या नाशकात शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर जन्मले तिथे बसून इंग्रजी गाण्यांच्या आठ-आठ मापांच्या ब्रिजच्या आरत्या ओवाळताय.

गोदाकाठ७८: ते २६ 'आय नो' हाच ब्रिज आहे, महाराज. एकदाच येतं, बाकी गाण्यासारखं नाही.

काळी_चार: म्हणजे तुम्हाला आवडलं की ब्रिज, मला खटकलं की माझे कान खराब. छान.

लॉन्सवाला_कीबोर्ड: ब्रिज-बिज सोडा, पट्टी चढते ती खरी जागा. व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. सगळं थांबतं, ड्रमचा एक ठोका, आणि पेटीच्या पांढरी सहावरून, मधली काळी पाच ओलांडून, थेट पांढरी सात. आम्ही हे एका लॉन्सवर रिसेप्शनला वाजवलं, नवऱ्या मुलाच्या बहिणीचा हट्ट. ठोका पडला, मी ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटण दाबलं. दोनदा दाबायचं, एकदाच दाबलं गेलं. मी काळी पाचमध्ये, बेसवाला पांढरी सातमध्ये, गाणाऱ्या ताई दोघांच्या मध्ये कुठेतरी. पहिल्या रांगेतल्या आजोबांचा गुलाबजाम चमच्यातच राहिला. बेसवाल्याने तरी सावरून घ्यायला हवं होतं.

बेस_चार_तारा: तो बेसवाला मी आहे. आठ वर्षांनी इथे येऊन माझ्यावर ढकलतोस? ठरलं होतं सात, मी सातलाच गेलो. जेम्स ब्राउनसुद्धा 'सेक्स मशीन'मध्ये आधी बँडला विचारतो, ब्रिजवर नेऊ का म्हणून. तू निदान मान तरी हलवायचीस! आणि आयोजकाने कापलेले तीनशे माझ्या पाकिटातून गेले.

लॉन्सवाला_कीबोर्ड: साउंड चेकला उशिरा कोण आलं होतं?

बेस_चार_तारा: द्वारका चौकात ट्रॅफिकला अडकलो होतो!!

रोजचा_प्रवासी: द्वारकाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. डोक्यावर ब्रिज, खाली आपण तसेच उभे. काल पुन्हा पाऊण तास.

पंचवटीच्या_बाई: भांडा सावकाश. मी गाणं शिकवते. ध्रुपदात स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार भाग. रवींद्रसंगीतात संचारी अजून नांदतेय: तिसरा भाग, चाल वेगळी. तुमच्या ब्रिजची सख्खी नाही तरी चुलत बहीण. तेव्हा काळी चार, आपल्याकडे असलं काही नाही हे सांगू नका. बाकी माझ्याकडे हल्ली मुलं येतात ती रीलपुरत्या दोन ओळी शिकायला. त्यांना अंतराच नको, संचारी कुठली!

कॉलेजरोडची: बाई, सगळेच तसे नाहीत हं. टेलर स्विफ्टचं 'क्रूएल समर' २०१९ चं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं २०२३ ला. आमच्या ग्रुपमध्ये कडव्यांना सगळे नुसते गुणगुणतात, ब्रिज आला की घसा बसेपर्यंत ओरडतात.

काळी_चार: ओरडतात हे मान्य. गाण्याबद्दल बोलत होतो आपण.

गोदाकाठ७८: 'डॉक'बद्दल अजून एक अक्षर बोलला नाहीत.

काळी_चार: सकाळी गंगापूर रोडने जाताना गाडीत लावलं. त्या जागेला आवाज वाढवला, आणि वळायचं ते वळण चुकलो. 'डॉक'पुरतं भरताड मागे घेतो. लेननचा दादरा तुमच्यापाशीच ठेवा.

गोदाकाठ७८: उपकार झाले.

बेस_चार_तारा: आणि माझे तीनशे?