मदत हवी आहे : संपूर्ण भूल देऊन केलेली श्रवणचाचणी नेमके काय सांगते?

नमस्कार. माझ्या अडीच वर्षांच्या मुलीची बेरा चाचणी (आवाजाला श्रवणचेता व मेंदूकडून मिळणारा विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी) पुढच्या आठवड्यात संपूर्ण भूल देऊन करायचे ठरले आहे, कारण झोपेच्या औषधावर ती दोनदा मध्येच जागी झाली आणि चाचणी अर्धवट सोडावी लागली. भुलेत काहीच ऐकू येत नाही, असे मी समजत होते. मग बेशुद्ध मुलीचे ऐकणे मोजणार कसे, या काळजीपोटी मी वाचायला बसले.

आवाज कानात पडल्यावर पहिल्या सुमारे १० मिलिसेकंदांत श्रवणचेता (कानाकडून मेंदूकडे जाणारी नस) आणि मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा तळाकडचा भाग) यांत ज्या विद्युतलहरी उमटतात, त्या भुलेतही जवळपास तशाच राहतात, आणि बेरा चाचणी त्याच टिपते. त्यापुढच्या, १० ते ५० मिलिसेकंदांत थॅलॅमस (मेंदूतील संदेश पुढे पाठवणारे केंद्र) व श्रवण कॉर्टेक्स (मेंदूच्या बाह्य थरातील ऐकण्याचा भाग) यांकडून येणाऱ्या लहरी मात्र प्रोपोफॉल किंवा सेव्होफ्लुरेन या भुलीच्या औषधांची मात्रा वाढेल तशा उशिरा येतात आणि क्षीण होतात. हे इतके नेमाने घडते, की भूल किती खोल आहे हे ठरवण्यासाठीही त्यांचा उपयोग केला गेला आहे. केटामिन या भुलीच्या दुसऱ्या औषधाने त्या फारशा बदलत नाहीत, हे वाचून मी थबकले, कारण त्या औषधानेही माणूस भानावर नसतोच. म्हणजे आवाज कॉर्टेक्सपर्यंत पोहोचला, तरी तो ऐकल्याची जाणीव होईलच असे नाही.

माझी खरी शंका इथे आहे. दार आपटले की मुलगी दचकते, पण हाक मारली तर वळत नाही. बेरा चाचणी सामान्य आली, तर कान, चेता आणि मस्तिष्कस्तंभ यांच्याविषयी दिलासा मिळेल. बोलणे उलगडण्याचे त्यापुढचे काम मात्र तपासलेले नसेल, हे माझे आकलन बरोबर आहे का? तसे असल्यास, इतक्या लहान मुलासाठी जागेपणी पुढची कोणती तपासणी करून घ्यावी?

शरीराचे तापमान उतरल्यास या लहरी उशिरा येतात आणि नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूमुळे मध्यकर्णातील दाब वाढतो, असेही वाचले. तेव्हा वापरलेली औषधे आणि तापमान यांची नोंद अहवालात करावी, अशी विनंती भूलतज्ज्ञांना आधीच करणे योग्य ठरेल का?

शेवटचा प्रश्न आई म्हणून विचारते. भूल उतरत असताना, तिने डोळे उघडण्यापूर्वीच, मी जवळ बसून तिच्याशी बोलत राहिले, तर ते तिच्यापर्यंत पोहोचू शकते का?