साईटची भाषा आपोआप ओळखावी की यूआरएलमध्ये लिहावी?

दादर_डेव्ह:
मराठी, हिंदी, इंग्रजी अशी साईट असेल तर भाषा यूआरएलमध्येच हवी: डोमेननंतर लगेच ‘/एमआर/’, ‘/एचआय/’, ‘/ईएन/’. ब्राउझरची भाषा किंवा आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) बघून परस्पर रीडायरेक्ट करणं, म्हणजे दुसऱ्या पानावर पाठवणं, साफ चूक आहे. एकाच पत्त्यावर तीन भाषा ठेवल्या की आधी कॅशे (पानांच्या साठवलेल्या प्रती) बिघडतो. सीडीएनने (वाचकाजवळच्या सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या सेवेने) मराठी पान साठवलं आणि ‘व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज’ (भाषेनुसार वेगळी प्रत ठेव, ही सूचना) लावलेलं नसलं, तर पुढच्या हिंदी वाचकालाही तेच पान मिळतं. शिवाय गूगलबॉट (गूगलसाठी पानं वाचणारा प्रोग्राम) भाषेचा हेडर (ब्राउझर विनंतीसोबत पाठवतो ती पसंतीच्या भाषेची नोंद) पाठवत नाही आणि बहुतेक वेळा अमेरिकेच्या आयपीवरून येतो. मग मराठी मजकूर इंडेक्स होणार, म्हणजे शोधासाठी नोंदला जाणार, कसा?

अंधेरी_बॅकएंड:
कॅशेवर उपाय आहे. एजवरच (सीडीएनच्या सर्व्हरवरच) हेडर वाचून त्याची तीनच मूल्यं करा, दर भाषेला एक, आणि कॅशे-कीमध्ये (साठवलेली प्रत ओळखायच्या खुणेत) घाला. आतल्या पानांना यूआरएल वेगळे हवेत, मान्य. पण नुसतं डोमेन टाइप करून आलेल्याला इंग्रजी का दाखवायचं? फक्त ‘/’ वर, म्हणजे मुख्य पत्त्यावर, आधी कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली निवडीची नोंद) बघा, ती नसेल तर हेडर, आणि 302 (तात्पुरतं रीडायरेक्ट) द्या. 301 (कायमचं) देऊ नका. ब्राउझर तो साठवून ठेवतो, मग माणसाने भाषा बदलली तरी ‘/’ ची विनंती सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

दादर_डेव्ह:
मुंबईत नेमका हाच अंदाज फसतो. घरी मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीत असतो, हेडर येतो ‘ईएन-आयएन’ (भारतातली इंग्रजी). आयपीचं तर नावच काढू नका. मोबाइल नेटवर्कचा आयपी भलत्याच शहराचा दिसू शकतो, आणि शहर बरोबर निघालं तरी भायखळ्यातला माणूस मराठी वाचतो की उर्दू, हे त्यातून कळत नाही. वर एक पट्टी द्या, ‘हे पान मराठीत वाचा’. माणूस दाबेल तेव्हाच कुकी ठेवा.

ठाणे_एसईओ:
तुम्ही दोघंही प्रदेश बाजूलाच ठेवलात. दुबईतल्या मराठी माणसाला मजकूर मराठीत हवा, किंमत दिरहममध्ये. चलन, कर, डिलिव्हरी हे सगळं ग्राहकाच्या पत्त्यावरून ठरवा, भाषेवरून कधीच नाही.

आणि एचरेफलँग (पानाची इतर भाषांतली रूपं कुठे आहेत हे गूगलला सांगणारी खूण) नीट लावा. प्रत्येक पानाने स्वतःकडे आणि बाकी सगळ्या भाषांकडे बोट दाखवायचं. परतीचा दुवा नसेल तर गूगल ती जोडी धरत नाही. नुसता देशाचा कोड चालत नाही, आधी भाषा लागते. ब्रिटनसाठी ‘जीबी’, ‘यूके’ नव्हे. सर्वांत महागात पडणारी चूक कॅनॉनिकलची (मूळ पान कोणतं हे सांगणाऱ्या दुव्याची): मराठी पानाचा कॅनॉनिकल इंग्रजीकडे वळवला की मराठी पान शोधातून गायब होऊ शकतं.

घाटकोपर_यूआय:
स्लग (यूआरएलमधलं पानाचं नाव) मात्र रोमनच ठेवा. ‘मुंबई’मध्ये पाच युनिकोड चिन्हं आहेत, प्रत्येकी तीन बाइट, आणि लिंकमध्ये दर बाइटची ‘%’ धरून तीन अक्षरं होतात. लिंक कॉपी केली की बऱ्याचदा 45 अक्षरांची टक्केवाली माळ हाती येते. आणि एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ला ‘एमआर’ द्या. ‘एचआय’ राहिलं तर काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे काढतात.

दादर_डेव्ह:
स्लगचं पटत नाही. ॲड्रेस बारमध्ये देवनागरी सरळ वाचता येते, मराठी वाचकाला तेच हवं. लांब लिंकसाठी शेअर बटणावर छोटा यूआरएल द्या.

अंधेरी_बॅकएंड:
पट्टीवर माझा आक्षेप आहे, पहिल्या स्क्रीनची जागा खाते. ठेवायचीच तर दुवा त्याच पानाच्या मराठी रूपाकडे न्या, होमपेजवर फेकू नका. आणि ज्या पानाचं भाषांतर झालेलं नाही, तिथे पट्टी दाखवूच नका.