गॉर्डन स्टॉकेड : साध्या माणसांचा किल्ला की अतिक्रमण?

रानभूल
माउंट रशमोर बघायला गेलेले आपले लोक बहुतेक दक्षिण डकोटातल्या कस्टर गावावरून जातात. गावाच्या पूर्वेला फ्रेंच क्रीकच्या काठी ओंडक्यांची एक चौकोनी तटबंदी आहे, गॉर्डन स्टॉकेड. सध्याचे ओंडके मूळचे नाहीत, नंतर पुन्हा पुन्हा उभारलंय. आमच्यासोबतचे सगळे भारावून गेले, सरकार नाही सैन्य नाही, खाणीवर आलेल्या साध्या माणसांनी स्वतःच्या हाताने किल्ला बांधला वगैरे. मला ते काही झेपलं नाही. ही जागा त्या माणसांची नव्हतीच. 1868 च्या फोर्ट लॅरमीच्या तहात अमेरिकेने ब्लॅक हिल्स, म्हणजे हा सगळा डोंगराळ भाग, लाकोटा या आदिवासी लोकांना लिहून दिल्या होत्या, बाहेरच्यांनी तिथे पाऊलसुद्धा टाकायचं नव्हतं. हे यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ऑक्टोबर 1874 मधे आयोवातल्या सू सिटीहून निघताना एका गाडीच्या कापडावर 'ओनील्स कॉलनी' असं रंगवून घेतलं, बघणाऱ्याला वाटावं हे नेब्रास्कात वस्ती करायला चाललेत! ज्याला चोरून यावं लागतं त्याच्या कुंपणाला किल्ला म्हणून मिरवायचं का? माझं मत, नाही. तुमचं?

डकोटाकर
एसीत बसून 150 वर्षांपूर्वीच्या माणसांना शहाणपण शिकवणं लई सोपं असतं. जरा तेव्हाची परिस्थिती बघा, 1873 ला जे कूक या बड्या बँकवाल्याची पेढी बुडाली, रेल्वेची कामं बंद, बँका बंद, वर 1874 ला टोळधाडीने त्या पट्ट्यातली पिकं खाल्ली. त्यात लष्करी अधिकारी कस्टर हजारभर माणसं घेऊन डोंगरात फिरून आला आणि फ्रेंच क्रीकमधे सोनं सापडल्याचं सगळ्या पेपरांत छापून आलं. कस्टर सरकारचाच माणूस ना? मग भुकेला माणूस जाणारच. 28 जण होते, त्यात अॅनी टॅलेंट ही एकटी बाई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. वाटेत एक जण हगवणीने गेला. 23 डिसेंबरला पोचले, भर थंडीत, आणि जानेवारी अर्धा सरेपर्यंत तटबंदी उभी! 80 फुटांचा चौकोन, 13 फुटी पाइनचे ओंडके तीन फूट जमिनीत गाडून उभे केलेले, फटी बुजवायला आतून दुसरे ओंडके, चारी कोपऱ्यांना पुढे आलेले बुरूज, बंदुकीसाठी भोकं. गोठलेल्या जमिनीत 320 फूट लांब चर खणून बघा एकदा, मग बोला.

रानभूल
कष्ट केले हे कोण नाकारतंय. कष्ट तर दरोडेखोरही करतात.

खडीसाखर
अहो पण दोघेही मुख्य गंमत सोडताय. एवढ्या तयारीने बांधलेल्या त्या तटावर लाकोटांनी हल्ला केलाच नाही! किल्ला घेतला तो अमेरिकेच्याच घोडदळाने, एप्रिल 1875 मधे. सैनिक आले, 'चला, सामान आवरा' म्हणाले आणि सगळ्यांना फोर्ट लॅरमीला घेऊन गेले. बुरुजावरची भोकं वाया.

डकोटाकर
बरोबर! म्हणजे सरकारने कायदा पाळला, लोक निमूट निघाले, एकही गोळी सुटली नाही. मग यांना एवढं खलनायक का करताय?

ओढ्याकाठचा
निमूट निघाले पण काम करून निघाले ना. फेब्रुवारीतच टोळीचा म्होरक्या खुद्द जॉन गॉर्डन आणि त्याचा साथीदार विचर हे दोघं सोन्याचे नमुने घेऊन सू सिटीला परतले होते, आणि ते दिसल्यावर गावात जो हल्लकल्लोळ झाला त्यातूनच पुढच्या टोळ्या निघाल्या. त्या तटाचा खरा उपयोग लढाईला नव्हताच, 'आम्ही तिथे हिवाळा काढून जिवंत आहोत, तुम्हीही या' एवढं सांगायला होता. त्याच उन्हाळ्यात शेकडो खाणवाले तिथे घुसले. सैन्याच्या जनरल क्रूकने ऑगस्टमधे त्यांना बाहेर काढलं, तर जाताजाता त्यांनी कस्टर गावाचे प्लॉट आखून ठेवले 😀 हाकलतायत आणि हे प्लॉटिंग करतायत! सप्टेंबरात सरकारने डोंगर विकत मागितले, 60 लाख डॉलरला, लाकोटांनी नाही म्हटलं. मग नोव्हेंबरमधे व्हाइट हाउसच्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष ग्रँटने गुपचूप ठरवलं की बंदी कागदावर राहू दे, पण सैन्याने आता कुणाला अडवायचं नाही.

डकोटाकर
मग दोषी ग्रँट. राष्ट्राध्यक्षाने दार उघडं ठेवलं त्याचा हिशोब टॅलेंटबाईकडे कशाला मागायचा, जी ती वाट बरीचशी पायी चालून आली?

रानभूल
ग्रँटवर दबाव कुणाचा होता? यांचाच. आधी थोडे लोक घुसतात, मग बरेच, मग सरकार म्हणतं आता एवढ्यांना काढणं शक्य नाही. आपल्याकडे नाल्यावरची बांधकामं अशीच नियमित होतात.

तिरकी_रेघ
एक मुद्दा कुणी काढला नाही. लाकोटा तरी ब्लॅक हिल्सचे आदिम मालक कुठे होते? तेही अठराव्या शतकात पूर्वेकडून सरकत आले आणि कायोवा, शायान वगैरे जमातींना बाजूला सारलं. जो बळी तो कान पिळी, सगळीकडे हेच. मग फक्त गोऱ्यांना झोडायचं का?

ओढ्याकाठचा
हे नेहमीचं. पण अमेरिकेने सही लाकोटांबरोबर केली होती ना, कायोवांशी तर नाही. त्या तहात असंही होतं की जमीन सोडायची तर किमान तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात. 1876 ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटांच्या बाजूकडून कस्टर मारला गेल्यावर, डोंगर सोडा नाहीतर रेशन बंद असं धमकावूनही साधारण दहा टक्केच सह्या मिळाल्या, तरी 1877 ला काँग्रेसने कायदा करून डोंगर घेतले. हे मी नाही, 1980 ला त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 ने मान्य केलं की मोबदला न देता जमीन घेतली. मूळ किंमत 1 कोटी 71 लाख डॉलर धरली आणि 1877 पासूनचं व्याज, मिळून दहा कोटींच्या वर. लाकोटांनी पैसे घेतले नाहीत, ते आता शंभर कोटींच्या पुढे गेलेत, तसेच पडून आहेत.

खडीसाखर
शंभर कोटी डॉलर नाकारायचे म्हणजे कमाल आहे. तिथे गरिबीही प्रचंड आहे, पाइन रिज या त्यांच्या राखीव भागातून एकदा गेलोय.

डकोटाकर
मला तो हट्ट कळत नाही खरं तर. पैसे घेऊन शाळा-दवाखाने उभे करा ना. डोंगर काही परत मिळत नाहीत आता.

रानभूल
पैसे घेतले की विक्री झाली, मग मागायला काय उरलं? तिथल्या हार्नी पीक शिखराचं नाव 2016 ला लाकोटा धर्मगुरूवरून ब्लॅक एल्क पीक झालं, तेही कधी होणार नाही असंच म्हणायचे लोक. आणि तुमचा किल्ला पाडा असं मी कुठे म्हटलं? राहू दे की. फक्त गाइडने तिथे उभं राहून टॅलेंटबाईंच्या पायपिटीची गोष्ट सांगितली की लगेच तहाचीही सांगावी.

डकोटाकर
तह सांगा, पण मग 1873 ची मंदीही सांगा. पोट भरलेल्याला सोन्याची बातमी ऐकून थंडीत चालत निघावंसं वाटत नाही.

तिरकी_रेघ
आणि गाडीवरच्या रंगवलेल्या पाटीचं पण सांगा, मला तर तेच सगळ्यात आवडलं 😂